विद्यार्थ्यांच्या वन्यजीव मोहिमांमुळे संवर्धनाला खरोखर हातभार लागतो का?

तशी मोहीम ही केवळ महागडी सहल ठरते का, अशी शंका आपण विचारली आहे. माझ्या मते, दरवर्षी त्याच जागी आणि त्याच पद्धतीने नोंदी होत असतील, तर हातभार निश्चितच लागतो. पेरूमधील पाकाया-सामिरिया हे ॲमेझॉन खोऱ्यातील राखीव क्षेत्र घ्या. मारान्योन आणि उकायाली या नद्यांच्या मधले सुमारे २०,००० चौरस किलोमीटरचे हे जंगल पुराच्या महिन्यांत बहुतांश पाण्याखाली असते. संशोधकांबरोबर गेलेले विद्यार्थी तेथे होडीचे इंजिन बंद करून, प्रवाहाबरोबर वाहत जात गुलाबी आणि करड्या डॉल्फिनची मोजदाद करतात. रात्री विजेरीच्या झोतात लालसर चमकणाऱ्या डोळ्यांवरून केमन मगरी हेरल्या जातात. दोन आठवड्यांच्या तुटक नोंदीला फारसे मोल नसते, पण अशा नोंदी वर्षानुवर्षे साठत गेल्या की असाधारण पुरानंतर जमिनीवरचे प्राणी किती घटले हे दिसू लागते, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोकामा लोकांना शिकारीचे प्रमाण ठरवताना त्याचा थेट उपयोग होतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मागील वर्षांच्या नोंदी कोठे जमा झाल्या, त्या कोणी वापरल्या आणि स्थानिक वाटाड्यांना मोबदला किती मिळतो, हे आयोजकांना आवर्जून विचारावे.