धाकट्या भावाला हार्थस्टोन (कॉम्प्युटर-मोबाइलवरचा पत्त्यांचा खेळ) शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

डेक बांधण्यापासून तर अजिबात नको. 30 पत्त्यांचा तयार डेक द्या, शक्यतो मेजचा (Mage, म्हणजे जादूगाराचा), आणि पहिले काही डाव पत्ते उघडे ठेवून, शेजारी बसून खेळा.

आधी फक्त माना (mana, पत्ते खेळायला खर्च होणारी ऊर्जा) समजवा: पहिल्या पाळीत 1, दुसरीत 2, असं 10 पर्यंत. नवख्याचा माना बहुतेक वेळा वाया जातो, कारण सुरुवातीलाच तो महागडे, देखणे पत्ते हातात धरून बसतो. स्वस्त पत्ते ठेव, महाग परत टाक, एवढं सांगितलं तरी निम्मं काम झालं.

मग खरी गोष्ट, मारायचं कोणाला? समोर 2 हल्ला, 1 जीव असलेला मिनियन (पत्त्यातून मैदानात उतरणारा लढवय्या) आहे, तुमच्याकडे 3 हल्ला, 2 जीव असलेला. भिडवलात तर दोघंही मरतात. त्याऐवजी 2 माना देऊन मेजच्या हिरो पॉवरने (हिरोच्या स्वतःच्या खास ताकदीने) 1 डॅमेज द्या. तो मरतो, तुमचा वाचतो आणि थेट समोरच्याच्या हिरोवर, म्हणजे खुद्द प्रतिस्पर्ध्यावर, जातो. हा हिशोब त्यालाच करू द्या, तुम्ही बोट दाखवू नका (फार अवघड जातं, माहितीये).

टॉन्ट (Taunt, आधी मलाच मारा असं भाग पाडणारा मिनियन) वगैरे समोर येईल तेव्हा सांगा. आणि नव्या पत्त्यांचे पॅक विकत घ्यायला इतक्यात पैसे देऊ नका.