छेद पाहिल्याशिवाय मृत्यूदर वाचू नका

कोविडच्या साथीचे आकडे आता जुने झाले, पण त्यांवरचे प्रश्न थांबलेले नाहीत. गेल्या काही आठवड्यांत आलेल्या बहुतेक पत्रांत गोंधळ एकच आहे: दोन देशांचे मृत्यूदर शेजारीशेजारी मांडायचे आणि कोणी चांगले काम केले, कोणी वाईट, ते तिथल्या तिथे ठरवून टाकायचे. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला देते.

प्रश्न: कोविडचा मृत्यूदर नेमका किती टक्के? एकच आकडा सांगा. (सोलापूर)

एकच आकडा नाही. देश, वर्ष, वय आणि लस घेतली होती की नाही, हे आधी सांगा. मग बोलता येईल.

प्रश्न: माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, अमेरिकेत लाखामागे भारताच्या नऊपट माणसे गेली. मी म्हणतो, दर शंभर रुग्णांमागे पाहिले तर दोन्ही देश सारखेच. आमच्यात खरे कोण? (ठाणे)

दोघेही खरे, आणि तरी दोघांच्याही हाती काही लागलेले नाही.

मे २०२३ पर्यंतचे सरकारी आकडे घेऊ. भारतात सुमारे ४.५ कोटी रुग्ण आणि ५.३ लाख मृत्यू; अमेरिकेत १० कोटींच्या वर रुग्ण आणि ११ लाखांच्या वर मृत्यू. मृत्यूंना नोंदलेल्या रुग्णांनी भागले की दोन्हीकडे एक ते सव्वा टक्क्याच्या दरम्यान उत्तर येते. हा झाला रुग्ण-मृत्यूदर. त्याच मृत्यूंना लोकसंख्येने भागले की भारतात लाखामागे ३८ आणि अमेरिकेत ३४०च्या आसपास. वरचा अंश तोच, खालचा छेद बदलला, आणि नऊपट फरक पडला. शाळेतला अपूर्णांक आहे हा, पण बातम्यांत दोन्हींना सर्रास ‘मृत्यूदर’ म्हणतात आणि तिथून भांडणे सुरू होतात.

आता ते दोन्ही छेद किती भरवशाचे ते पाहा. जून-जुलै २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशभर रक्ततपासणीचे चौथे सर्वेक्षण केले. तपासलेल्यांपैकी ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) सापडली. लस न घेतलेल्यांमध्येही हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर होते. म्हणजे संसर्ग झालेली माणसे अनेक कोटी, आणि तेव्हा नोंदलेले रुग्ण जेमतेम तीन कोटी. रुग्ण-मृत्यूदराचा छेद असा तोकडा असतो. जिथे चाचण्या भरपूर तिथे छेद फुगतो आणि दर खाली दिसतो. जिथे फक्त अत्यवस्थ माणसाचीच चाचणी होते तिथे दर भयानक दिसतो. लोकसंख्येचा छेद त्या मानाने पक्का, पण तिथे अंश कच्चा. मृत्यू नोंदलाच नाही तर तो कशानेही भागा.

प्रश्न: इटलीत मृत्यूदर चीनपेक्षा जास्त होता, म्हणजे तिथली रुग्णालये कमी पडली, असेच ना? (नाशिक)

नाही. निदान पहिल्या आकड्यांवरून तरी तसे म्हणता येत नाही. ९ मार्च २०२० पर्यंतचे इटलीचे आकडे चीनच्या आकड्यांशी वयोगटवार लावून पाहिले गेले, तेव्हा प्रत्येक वयोगटात इटलीचा रुग्ण-मृत्यूदर चीनपेक्षा कमी निघाला. एकूण दर मात्र जास्त! हे कसे शक्य आहे, ते एका काल्पनिक हिशेबाने दाखवते.

एका गावात १,००० रुग्ण: ९०० तरुण, १०० वृद्ध. तरुणांतले ९ दगावले, वृद्धांतले २०. एकूण २९, म्हणजे २.९ टक्के. दुसऱ्या गावातही १,००० रुग्ण, पण ४०० तरुण आणि ६०० वृद्ध. तिथे तरुणांतले २ गेले आणि वृद्धांतले ९०. एकूण ९२, म्हणजे ९.२ टक्के. आता नीट पाहा. दुसऱ्या गावात तरुणांचा दर अर्धा टक्का, पहिल्यात एक टक्का. वृद्धांचा दर दुसऱ्यात १५ टक्के, पहिल्यात २०. दोन्ही वयांत दुसरे गाव सरस, आणि एकूण दर तिपटीहून अधिक. फरक औषधोपचाराचा नाही, रुग्णांच्या वयाचा आहे.

इटलीत दर चारांतला जवळपास एक माणूस पासष्टीच्या पुढचा आहे. भारतात शंभरात सहा-सात. वयाचा हिशेब न घालता भारत आणि इटलीची तुलना कोणी केली, तर तो मजकूर पुढे पाठवू नका.

प्रश्न: आमच्याकडे एक विक्री प्रतिनिधी येतो. त्याच्या पत्रकावर ‘भारताचा मृत्यूदर कमी, कारण आपली प्रतिकारशक्ती’ असे लिहून खाली काढ्याच्या पाकिटाची किंमत आहे. घ्यावे का? (सांगली)

घेऊ नका. कमी दिसणाऱ्या दरामागे तरुण लोकसंख्या आहे आणि अपुरी नोंद आहे, हे वर सांगितले. माणसे मेली, त्यांची मोजणी अर्धवट राहिली आणि त्या अर्धवट आकड्यावर पाकिटे विकली जात आहेत, याची मला चीड येते. शिवाय ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे खरे नाही. काही वनस्पतींनी यकृताला इजा होते. आधीच घेत असाल तर पाकीट घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा, आणि मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच जा.

प्रश्न: पेरू देशातले मृत्यू एका दिवसात दुप्पट कसे झाले? व्हॉट्सॲपवर आले होते की तो आकडा खोटा आहे. (पुणे)

दुप्पट नव्हे, अडीचपटीहून अधिक. ३१ मे २०२१ रोजी पेरू सरकारने आपला आकडा ६९,३४२ वरून १,८०,७६४ केला. त्या रात्री लाखभर माणसे मेली नव्हती. ती आधीच गेली होती. तोवर मुख्यतः चाचणीत सापडलेलेच मृत्यू मोजले जात होते. मग तज्ज्ञांच्या समितीने छातीचा एक्स-रे, लक्षणे, रुग्णाशी आलेला संपर्क, मृत्यूच्या दाखल्यावरची नोंद हे सगळे निकष धरले. एका दिवसात पेरू लोकसंख्येमागच्या मृत्यूंत जगात पहिला आला. मला तो देश बेफिकीर वाटत नाही. आपली चूक जगासमोर दुरुस्त करण्याचे धैर्य त्याने दाखवले.

उलटेही झाले. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिटनने ठरवले की चाचणी होकारार्थी आल्यापासून २८ दिवसांतलेच मृत्यू रोजच्या आकड्यात धरायचे, आणि पाच हजारांहून अधिक मृत्यू यादीतून उतरले. बेल्जियमने वृद्धाश्रमांतले नुसते संशयित मृत्यूही सुरुवातीपासून मोजले आणि २०२०च्या वसंतात ‘युरोपातला सर्वात वाईट देश’ म्हणून टीका ओढवून घेतली. आपल्याकडे १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या आकड्यात मागचे १,३२८ मृत्यू एकदम घातले गेले, त्यांतले ८६२ मुंबईचे. जून २०२१ मध्ये बिहारच्या यादीत असेच सुमारे चार हजार वाढले. व्याख्या बदलली की आलेख उडी मारतो. उडी दिसली की आधी व्याख्या विचारा.

प्रश्न: ज्या देशाने एकही मृत्यू सांगितला नाही, त्याचे काय? (गोवा)

तुर्कमेनिस्तानच्या सरकारी कागदावर शून्य आहे. शून्य नोंद आणि शून्य मृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न: मग तुलना करायचीच नाही का? जागतिक आरोग्य संघटनेने भारतात ४७ लाख मृत्यू सांगितले, सरकार पाच लाख म्हणते. (छत्रपती संभाजीनगर)

करायची, पण ‘अतिरिक्त मृत्यूं’वरून. साथ नसती तर त्या वर्षी साधारण किती माणसे गेली असती आणि प्रत्यक्षात किती गेली, यांतला तो फरक. त्यात चाचणी झाली की नाही, डॉक्टरने काय लिहिले, हे प्रश्न येत नाहीत. संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी जगभरात १.४९ कोटी अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. त्याच काळात देशांनी नोंदवलेले कोविड-मृत्यू होते सुमारे ५४ लाख. भारताचा अंदाज ४७ लाखांचा होता आणि सरकारने गणिती प्रारूपावर आक्षेप घेऊन तो नाकारला.

दोन्ही आकडे मी डोळे मिटून घेत नाही. जन्ममृत्यू नोंदणीचे आपलेच कागद पाहा: देशात २०१९ मध्ये ७६ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१ लाख, आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची वाढ. नोंदणीचे प्रमाण दरवर्षी थोडे सुधारते, त्यामुळे ती सगळी वाढ साथीच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण पाच लाखांत ती मावतही नाही.

काळाची चौकटही सांभाळा. स्वीडन २०२० मध्ये नॉर्वे-डेन्मार्कपेक्षा फार वाईट दिसतो; तीन वर्षे एकत्र घेतली तर त्याचे अतिरिक्त मृत्यू युरोपात सर्वात कमी असलेल्या देशांत बसतात. वादात प्रत्येक जण आपल्या सोयीचे वर्ष उचलतो.

प्रश्न: १९१८च्या तापाच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत सर्वाधिक मृत्यू भारतात झाले, हे खरे का? (रत्नागिरी)

हो. अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटलेली दिसली. असे दशक आपल्या जनगणनेच्या इतिहासात तेवढेच. त्याच साथीत पॅसिफिक महासागरातल्या पश्चिम सामोआत ऑकलंडहून ‘तालुने’ नावाची बोट लागली आणि काही आठवड्यांत सुमारे पाचवा हिस्सा लोक गेले. शेजारच्या अमेरिकी सामोआने बोटी रोखल्या, तिथे एकही मृत्यू नाही. अशी स्वच्छ तुलना क्वचितच मिळते.

प्रश्न: वडील एप्रिल २०२१ मध्ये गेले. ताप, धाप, ऑक्सिजन ७८. चाचणी ‘निगेटिव्ह’. डॉक्टरांनी कारण ‘हृदयक्रिया बंद’ लिहिले. नातेवाईक म्हणतात, मधुमेह होता म्हणून गेले. याने काय फरक पडतो? (कोल्हापूर)

सगळा फरक इथेच पडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या वर्षी पावसाळ्यात मी एका तालुक्याच्या गावी मृत्यूनोंदीचे नमुने चाळत बसले होते. त्यातला एक डोळ्यांसमोरून जात नाही. बाई ६२ वर्षांच्या. नमुना ४, म्हणजे मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहून द्यायचा कागद. ‘अ’च्या ओळीत निळ्या शाईने ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. ‘ब’ रिकामी, ‘क’ रिकामी. आणि मागे टाचणीने लावलेला छातीचा सीटी स्कॅन, फुप्फुसांच्या इजेचा स्कोअर २५ पैकी १८. आजार टाचणीला लटकला होता आणि नोंदीत नव्हता.

हृदय आणि श्वास प्रत्येकच माणसाचे शेवटी बंद पडतात. ते मरण्याचे स्वरूप, कारण नव्हे. नमुन्यावरच छापलेली सूचना आहे की आजार, इजा किंवा गुंतागुंत लिहा, हृदय बंद पडणे असली मृत्यूची रीत लिहू नका. साखळी लिहायची असते: ‘अ’मध्ये श्वसन निकामी होणे, ‘ब’मध्ये ते ज्यामुळे झाले तो न्यूमोनिया, ‘क’मध्ये ज्याने सुरुवात झाली तो कोविड. मधुमेह दुसऱ्या भागात, हातभार लावणारा आजार म्हणून. आयसीएमआरने मे २०२० मध्येच सांगितले होते की मधुमेहासारख्या जुन्या आजाराला मूळ कारण धरू नका. चाचणी नकारार्थी पण लक्षणे स्पष्ट असतील तर त्यासाठीही वेगळा संकेतांक होता, यू०७.२. सोय होती. वापरली गेली नाही.

आणि हेही तेव्हाच, जेव्हा नमुना भरला जातो. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ साडेबावीस टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण होते. उरलेल्यांचे कारण कोणालाच ठाऊक नाही. जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेत बसलेला संख्याशास्त्रज्ञ भारताची तुलना ब्राझीलशी करतो, तेव्हा त्याच्या तक्त्याच्या तळाशी ही रिकामी ‘क’ची ओळ असते. म्हणून मी दर महिन्याला हेच लिहिते, आणि लिहीत राहीन.

तुमच्या वडिलांचे: कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२२ रोजी मुदत घालून दिली होती, ती केव्हाच गेली. तेव्हा अर्ज केला होता आणि चाचणीअभावी फेटाळला, असे असेल तर सगळे कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथला सल्ला मोफत असतो. पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला कागद देऊ नका.

प्रश्न: आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारणच नाही. नगरपरिषदेने लपवले का? (लातूर)

नाही. १९६९च्या कायद्यातच आहे की दाखल्यावर कारण छापायचे नाही. कारण नमुना ४ मध्ये असते. घरी मृत्यू झाला तर ४अ मध्ये.

प्रश्न: आजोबा शेतावर गेले, दोन महिने झाले, नोंद राहून गेली आहे. दिवाळीनंतर केली तर चालेल? (बीड)

तोवर थांबू नका. मुदत २१ दिवसांची होती. ३० दिवसांनंतर लेखी परवानगी लागते, वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश. या आठवड्यात ग्रामपंचायतीत जा, आणि शेवटचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ४अ भरून द्यायला सांगा.

प्रश्न: रुग्णालयाकडे नमुना ४ची प्रत मागता येते का? (नागपूर)

येते. २०२३च्या दुरुस्तीनुसार कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. मृतदेह ताब्यात घेतानाच मागा, ‘ब’ आणि ‘क’च्या ओळी वाचा, आणि रिकाम्या असतील तर तिथेच डॉक्टरांना विचारा.