आजोबांच्या डब्यातली पेनं: नाव नंतर, आधी शाई कुठून जाते ते बघा

गिरगावातलं घर आवरताना आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात पाच शाईपेनं निघाली. त्यातल्या काळ्या जाड पेनात तुम्ही शाई भरलीत, ते दोन दिवस छान चाललं आणि तिसऱ्या दिवशी लोकलमध्ये खिशातच ओकलं. आता तुम्ही विचारताय की ते टाकून द्यायचं का, आणि बाकीची चार ओळखायची कशी. टाकू अजिबात नका. ते पेन बिघडलेलंच नाही.

ओळखायचं कसं, ते आधी सांगतो. सगळे पहिल्यांदा क्लिपवरचं नाव वाचतात आणि तिथेच फसतात. स्वस्त पेनांचं आयुष्य दुरुस्तीत गेलेलं असतं. टोपण एका पेनाचं, क्लिप दुसऱ्याची, निब तर कितीदा बदललेली. शाई भरायची रचना मात्र सहसा मूळचीच राहते. ती कळली की पेन कुठल्या जातीचं आहे आणि त्याला काय चालतं, काय नाही, हे दोन्ही एकदमच कळतं.

काळं पेन हातात घ्या. मान, म्हणजे लिहिताना आपण बोटांत धरतो तो भाग, फिरवून बॅरलपासून, म्हणजे मागच्या पोकळ दांड्यापासून, वेगळी करा आणि उजेडाकडे धरून आत डोकावा. रबर नाही, पत्रा नाही, नुसती पोकळी दिसली की ते ड्रॉपरने भरायचं पेन. आपल्याकडे शाळा-कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या हीच चालली, कारण यात मोडण्यासारखं जवळजवळ काही नसतं. मुंबईची एअरमेल आणि वॅलिटी, राजमुंद्रीची रत्नम ही नावं तुम्हाला सापडतील. नावच नसलेलीही पुष्कळ, आणि त्यातली काही फार गोड लिहितात.

आता बॅरल अंगठ्याने दहा-पंधरा सेकंद जोरात घासा. जागा गरम लागली की लगेच नाकाशी न्या. गंधकाचा, जुन्या सायकलच्या ट्यूबसारखा वास आला तर ते इबोनाइट. रबरात भरपूर गंधक घालूनच ते कडक केलेलं असतं, म्हणून तो वास. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड. काहीच आलं नाही तर साधं प्लॅस्टिक. आणखी एक खूण म्हणजे टोपणाखाली झाकलेला भाग काळाभोर आणि बाहेरचा चॉकलेटी-हिरवट पडलेला. इबोनाइट उजेडाने असं उतरतं. असं पेन गरम पाण्यात घालू नका आणि अख्खं भिजत तर कधीच ठेवू नका. रंग आणखी जातो.

ते ओकलं का? ड्रॉपरच्या पेनात बॅरलमध्ये दोन-तीन मिलिलिटर शाई सहज मावते. शाई संपत येते तशी तिच्या जागी हवा भरते. खिशाच्या किंवा हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि उरलेली शाई निबेतून बाहेर ढकलते. भरलेलं पेन गळत नाही, रिकामं होत आलेलं गळतं, आणि तुमचं बरोबर तिसऱ्या दिवशी ओकलं. शाई एक तृतीयांशावर आली की पुन्हा भरा, पेन निब वर करून ठेवा. भरताना बॅरल काठोकाठ भरू नका, आट्यांच्या थोडं खाली थांबा. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, डायव्हिंगच्या किंवा प्लंबिंगच्या सामानाच्या दुकानात ते मिळतं. आमच्या शाळेत मुलं आट्यांवर मेणबत्ती घासायची, त्यानेही भागायचं. व्हॅसलीन मात्र रबर असलेल्या कुठल्याही पेनाला लावू नका, रबर सैल पडून चिकट होतं.

पत्र्याचं टोपण, झाकलेली निब आणि हीरो 616 असं लिहिलेलं तुमचं दुसरं पेन शांघायचं. त्याचं रूप पार्कर 51 वरून घेतलेलं आहे. पार्कर 51 हे 1941 साली बाजारात आलं, आणि झटपट वाळणारी शाई निबेवरच वाळू नये म्हणून त्याची निब झाकलेली ठेवली होती. हीरोचं बॅरल उघडलंत की पत्र्याच्या कवचात एक पारदर्शक पिशवी दिसेल, वर दाबायची पट्टी. बहुतेक लोक एकदा दाबतात, अर्धीच शाई येते आणि ‘पेन खराब आहे’ म्हणून मोकळे होतात. आत एक बारीक नळी असते. दर दाबाला हवा तिच्यातून बाहेर जाते आणि शाईची पातळी थोडी थोडी चढते. निब झाकणासकट शाईत बुडवा, पट्टी पूर्ण दाबा, सोडा, पाच सेकंद थांबा. असं पाच वेळा. शेवटी निब बाहेर काढून एक-दोन थेंब बाटलीत परत सोडा. कवच ओढून काढायच्या फंदात पडू नका.

बाजूला लिव्हर आणि बॅरलवर पक्ष्याची खूण असलेलं तिसरं पेन बहुधा ब्लॅकबर्ड असावं, मेबी टॉड कंपनीच्या स्वान पेनाचं स्वस्त भावंड. लिव्हर नखाने हलकेच उचलून बघा. जड लागली तर तिथेच थांबा! आतली रबरी पिशवी दगड झालेली असते. माझ्या वडिलांच्या पेनाची लिव्हर मी कॉलेजात असताना अशीच जोर लावून उचलली. कडकन आवाज आला, लिव्हर वाकली आणि बॅरलला आरपार चीर गेली. ती चीर अजून माझ्याकडे आहे, पेन लिहीत नाही. तुम्ही ते करू नका.

पिशवी बदलता येते. ती मानेला लाखेने चिकटवलेली असते, बांगड्यांची असते तीच लाख. ऊब दिली की ती मऊ होते. हेअर ड्रायर लांबून आणि हळूहळू फिरवा, बोटाला सोसेल इतकीच ऊब, आणि पेन सेल्युलॉइडचं असेल तर तेही जाणकारालाच करू द्या, कारण ते पेट घेतं. पिशव्यांचे नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतात, म्हणजे 16 नंबर म्हणजे पाव इंच. मुंबईच्या हवेत पिशवी दाबणारी आतली पोलादी पट्टीही बहुतेकदा गंजलेली निघते. उघडलंत तर तपकिरी भुगा नीट झटकून घ्या, नाहीतर नवी पिशवी महिन्यात फाटेल.

चौथ्याला मागे फिरवायची मूठ आहे म्हणता, तर आत दट्ट्या आहे. मूठ फिरली नाही तर जबरदस्ती नको. निबेचा भाग रात्रभर गार पाण्यात ठेवा, सकाळी पुन्हा बघा.

धुणं सगळ्यांचं सारखंच. स्टीलची वाटी, गार पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. फक्त निब आणि जीभ, म्हणजे निबेखालचा शाई आणून देणारा भाग, बुडतील इतकंच पाणी घ्या. थोड्या वेळाने निबेच्या फटीतून निळा धागा सुटायला लागतो, वाटीच्या तळाशी जाऊन पसरतो. तीस वर्षांपूर्वी वाळलेली शाई अशी परत ओली होताना मी अजूनही काम सोडून बघत बसतो. तुमच्या वाटीत उतरेल ती आजोबांनी शेवटची भरलेली शाई असेल. पाणी नितळ होईपर्यंत बदलत राहा, दोन दिवस लागले तरी चालेल. स्पिरिट, थिनर, ब्रासो यांतलं काहीही नको.

शाई साधी निळी घ्या. कॅमलची चालेल, आणि तुमच्या बाबतीत ती शोभेलही. दांडेकर बंधूंनी 1931 साली शाईचा धंदा गिरगावातच सुरू केला होता. फक्त दुकानात त्याच फळीवर वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक असते, ती चुकूनही उचलू नका. ती आत वाळली की पाण्याने सुटत नाही, जीभ कायमची बुजते. पावसाळ्यात बाटलीत पांढरा तंतू किंवा साय दिसली तर बुरशी समजा, बाटली फेका आणि त्या शाईचं पेन धुऊन काढा.

किमतीचं विचारलंत. निबेवर 14 के किंवा 585 कोरलेलं असेल तर ती सोन्याची असण्याचा संभव आहे. नुसती पिवळी असून फटीजवळ पांढरट पडली असेल तर मुलामा. विकायला नेलंत तर फार काही हाती येणार नाही, पण धुतल्यावर, आणि लागेल तिथे पिशवी बदलल्यावर, लिहिणार मात्र चारही.

पाचव्याबद्दल तुम्ही फक्त ‘टोपण निघत नाही’ एवढंच लिहिलंय. पक्कड लावू नका. टोपणाच्या कडेशी वाळलेली शाई असेल, पेन उलटं धरून ओल्या टिपकागदात ती कड दोन तास गुंडाळून ठेवा, मग रबरी हातमोजा घालून फिरवा. उघडलं की निबेवर काय कोरलंय ते भिंगातून वाचून कळवा.