भिंतीवर चिकटवण्यापेक्षा टांगलेले बरे

बाई, मुलांनी पुठ्ठ्यावर केलेली वारली चित्रे पावसाळ्यात वर्गाच्या भिंतीवरून गळून पडली, तर अधिक पक्का गोंद कोणता, असे आपण विचारले आहे. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील आमच्या शाळेतही हेच घडत असे, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते दोष गोंदाचा नसून भिंतीचा आहे. चुना किंवा साधे डिस्टेंपर दिलेल्या भिंतीचा वरचा थर सुटा असतो आणि दुहेरी टेप तो सोबत घेऊनच खाली येते.

थेट भिंतच रंगवा, असे सुचवणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकण्यापूर्वी आमची हकिकत वाचावी. परवानगीसाठी आम्ही संबंधित कार्यालयात अर्ज दिला. तो मराठीत आहे म्हणून परत आला. कन्नडमध्ये दिला तेव्हा आवक शिक्का मिळाला, पण उत्तर आले नाही, आणि चौकशीला गेलो की साहेब फिरतीवर असत. अखेर मुख्याध्यापकांच्या संमतीने मुलांनी भिंत रंगवली, तर उन्हाळ्याच्या सुटीत त्याच कार्यालयाने धाडलेल्या रंगाऱ्यांनी, शाळेला साधा निरोपही न देता, तिच्यावर पिवळा रंग फासला. जूनमध्ये मुलांना काय सांगायचे हे आम्हालाच सुचेना. सगळीच कार्यालये अशी असतात असे म्हणत नाही, पण तेव्हापासून मी टांगता येईल अशाच कामाच्या बाजूचा आहे.

खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन थर, त्यांच्या नळ्या एकमेकींना आडव्या येतील असे चिकटवून, वजनाखाली पूर्ण वाळू द्यावेत. रंग दोन्ही बाजूंना द्यावा, कारण एकाच बाजूला दिल्यास पुठ्ठा पापडासारखा वळतो. गेरूत थोडा फेव्हिकॉल घातल्यास तो हाताला लागत नाही. वारलीचा पांढरा रंग परंपरेने तांदळाच्या पिठाचा असला, तरी आपल्याकडच्या दमट हवेत त्याला बुरशी धरते. शाळेसाठी पांढरा पोस्टर कलर बरा, शुद्धतावाद्यांनी क्षमा करावी.

वारली पालघरकडची, मुलांना ती अवश्य शिकवावी, परंतु धारवाड भागातली कसुती ही भरतकामाची कला आपल्या अधिक जवळची आहे. इरकली लुगड्यांवरील गोपुर, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती हे नमुने धागे मोजून काढलेले असल्याने चौकटीच्या वहीत सहज उतरतात. १ सेंटिमीटरच्या चौकटीमागे पुठ्ठ्यावर ५ सेंटिमीटरची चौकट आखून रंगीत कागदाच्या पट्ट्या लावल्या, की चित्रकला न येणारा विद्यार्थीही मागे राहत नाही, आणि गणिताच्या शिक्षकांना प्रमाणाचा धडा आयता मिळतो.

टांगण्यासाठी भिंतीच्या वरच्या भागात एकच लाकडी रीप स्क्रूने बसवून घ्यावी. जुन्या दगडमातीच्या भिंतीत नुसता खिळा टिकत नाही, तेव्हा हे काम सुतारावर सोपवावे आणि आत वायर गेलेली नाही याची आधी खात्री करावी. दोरी नायलॉनची असावी, सुतळी ओल धरते.