कॅसेटवरचा चित्रपट, डिस्कवरचा चित्रपट

(वाचकांचे प्रश्न : गृहचित्रपट)

प्रश्न : नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने आणलेल्या कॅसेटवर मी लुक बेसाँ यांचा ‘द फिफ्थ एलिमेंट’ पहिल्यांदा पाहिला आणि तेव्हापासून तो माझा सर्वांत आवडता विज्ञानपट आहे. उडत्या मोटारींचे ते शहर आणि निळ्या गायिकेचे ते गाणे मला तोंडपाठ आहे, असे म्हटले तरी चालेल. दिवाळीत मुलाने मोठा टीव्ही घेतला आणि माझ्यासाठी या चित्रपटाची फोर-के डिस्क मागवली. पाहताना मात्र मन खट्टू झाले. चित्रावर बारीक दाणे दिसतात, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, माणसे एखाद्या दैनंदिन मालिकेतल्यासारखी गुळगुळीत हलतात आणि गायिकेचे गाणे पूर्वीपेक्षा किंचित खालच्या पट्टीत ऐकू येते. डिस्क सदोष आहे का? की माझ्या आठवणीच फसव्या आहेत?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपली डिस्क निर्दोष असावी आणि आपले कान तर फारच चांगले आहेत. गाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या पत्रातले ते निरीक्षण वाचून मला मनापासून आनंद झाला.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चित्रित होतो, तर आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीचा वेग सेकंदाला २५ चौकटींचा होता. त्यामुळे पाल कॅसेट किंवा व्हीसीडी तयार करताना चित्रपट सहसा सरळ चार टक्के अधिक वेगाने पळवला जाई. १२६ मिनिटांचा हा चित्रपट त्या हिशेबाने सुमारे १२१ मिनिटांत संपतो आणि वेगाबरोबर आवाजही चढतो. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे, तर काळी एकमधले गाणे वर सरकून पांढरी दोनच्या अलीकडे कुठेतरी जाऊन थांबते. आपण वर्षानुवर्षे जे गाणे मनात जपले, ते बहुधा असे चढलेले होते. आज ऐकता आहात ते ध्वनिमुद्रणाच्या मूळ पट्टीतले आहे. या प्रसंगाचा पूर्वार्ध म्हणजे डोनिझेट्टी यांच्या १८३५ सालच्या ‘लुचिया दी लाम्मेरमूर’ या ऑपेरातील नायिकेच्या उन्मादाचा प्रवेश आहे आणि त्याच्या पाठीला चित्रपटाचे संगीतकार एरिक सेरा यांची स्वतःची वेगवान रचना जोडलेली आहे. पडद्यावर निळ्या रूपात मायवेन ही अभिनेत्री दिसते, आवाज मात्र अल्बानियन गायिका इन्व्हा मूला यांचा आहे. मूळ पट्टीत तो आवाज अधिक भरदार लागतो. चार-पाच वेळा ऐका, कान त्याला सरावतील आणि मग जुनी कॅसेट लावली तर तीच आपल्याला घाईची वाटेल.

काळ्या पट्ट्यांविषयी आपला गैरसमज होणे स्वाभाविक आहे. चित्रपटाची चौकट रुंदीला उंचीच्या जवळजवळ २.४ पट आहे आणि जुन्या टीव्हीची चौकट होती ४ : ३. त्या चौकोनात चित्र कोंबण्यासाठी दोन्ही बाजूंनी कापले, तर चाळीस टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा होतो. हा चित्रपट सुपर ३५ पद्धतीने चित्रित झालेला आहे. त्या पद्धतीत फिल्मवर रुंद चौकटीच्या वर-खालीही थोडे चित्र उमटलेले असते, म्हणून साध्या संवादांच्या प्रसंगांत टीव्हीसाठी तो जादा भाग उघडता येतो. पण स्पेशल इफेक्ट्सची दृश्ये सहसा रुंद चौकटीपुरतीच घडवलेली असतात, तेव्हा टीव्हीसाठी कात्री लागते ती नेमकी त्यांनाच. म्हणजे ज्या दृश्यांवर सर्वाधिक मेहनत झाली, तीच घरच्या प्रेक्षकाला सर्वांत अपुरी मिळत. काळ्या पट्ट्या म्हणजे चित्राला दिलेली मोकळीक आहे, त्या घालवण्यासाठी रिमोटवरचे ‘झूम’ बटण कृपया दाबू नका.

दाणे हे फिल्मचे अंगभूत रूप आहे. चित्र फिल्मवरच्या रसायनाच्या सूक्ष्म कणांतून बनते. कॅसेटच्या अस्पष्टतेत आणि व्हीसीडीच्या ३५२ गुणिले २८८ बिंदूंच्या चित्रात ते कण दिसणे शक्यच नव्हते, फोर-के डिस्कच्या ३८४० गुणिले २१६० बिंदूंत ते दिसणारच. टीव्हीतली ‘नॉइज रिडक्शन’ची सोय ते पुसून टाकते, पण त्यांच्याबरोबर कापडाचा पोत आणि चेहऱ्यावरची रंध्रेही पुसली जातात. ती सोय बंद ठेवावी.

मालिकेसारख्या हालचालीचा दोष मात्र खरा आहे आणि तो पूर्णपणे टीव्हीचा आहे. दोन मूळ चौकटींच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या मनाने नव्या चौकटी घालतो, त्यामुळे सगळे घसरत चालल्यासारखे दिसते. या सोयीला प्रत्येक कंपनी वेगळे नाव देते, म्हणून चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ हा शब्द असलेला पर्याय शोधून तो बंद करावा. २०१९ नंतरच्या बऱ्याच टीव्हींत ‘फिल्ममेकर मोड’ असतो. तो निवडला की हे सगळे फेरफार एकदम थांबतात. दुकानात झगमगावा म्हणून ठेवलेला ‘व्हिव्हिड’ मोड या चित्रपटावर फार अन्याय करतो. नायिकेच्या केसांचा नारिंगी रंग मुळातच इतका धीट आहे की, त्याला आणखी भडक केले तर त्याच्या सगळ्या छटा एकमेकींत मिसळून जातात.

एवढे झाले की उडत्या मोटारींचा पाठलाग पुन्हा लावा आणि मध्येच चित्र थांबवा. चित्रपटातले ते भविष्यातले न्यूयॉर्क पुष्कळसे हातांनी बांधलेले आहे. स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख मार्क स्टेटसन यांच्या देखरेखीखाली १ : २४ प्रमाणात इमारतींच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. त्या प्रमाणात सहा फुटी माणूस तीन इंचांचा होतो, यावरून खिडक्या, गंज, नळ आणि जिने किती बारकाईने केले असतील, याची कल्पना येईल. मोटारी संगणकाने घातल्या, खालचे धुके वेगळे जोडले, पण भिंतींवरचा मळ खराखुरा रंगवलेला आहे. कॅसेटवर हे शहर म्हणजे करड्या रंगाचा नुसता फराटा होता. मला विचाराल, तर या चित्रपटाची भव्यता त्या मळात आहे, आणि तो दिसू लागल्यावर आपण आपला आवडता चित्रपट प्रथमच पूर्ण पाहाल.

प्रश्न : मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. नेपथ्य आणि वेशभूषेच्या अभ्यासासाठी आमच्या सरांनी हाच चित्रपट सुचवला. मी मोबाइलवर पाहिला, पण इतके रंग आणि इतक्या वस्तू एकदम अंगावर येतात की काय टिपावे तेच कळेना. शिवाय हे सगळे केवळ दिखाऊ आहे, असे माझ्या मैत्रिणीचे मत पडले.
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मैत्रिणीच्या मताशी मी सहमत नाही. दिखाऊ वस्तूला जवळून पाहिले की ती पोकळ निघते, हा चित्रपट जवळून पाहिला की आणखी भरलेला निघतो. नायकाची खोली घ्या. पलंग भिंतीत सरकतो, शीतकपाट खाली जाते, न्हाणीघर वरून उतरते, कारण दाटीच्या शहरात टॅक्सीवाल्याच्या वाट्याला एवढीच जागा येते. त्याच्या हातातली सिगारेट पाहा : तिच्यात फिल्टर लांबलचक आणि तंबाखू चिमूटभर आहे. म्हणजे त्या काळात व्यसनावरही कुणाचा तरी पहारा आहे. हे कुणी संवादात सांगत नाही, वस्तूच बोलते. भिंतीवरची पिवळी वर्तुळेही तशीच : पोलीस आले की नागरिकाने त्यांत हात टेकवून उभे राहायचे, अशी त्या राज्याची शिस्त घराच्या भिंतीवरच रंगवून ठेवलेली आहे.

या जगाची रेखाटने ज्याँ जिरो ऊर्फ मोबियस आणि ज्याँ-क्लोद मेझिएर या दोन फ्रेंच चित्रकथाकारांनी केली, कपडे ज्याँ पॉल गोतिए यांनी केले. मेझिएर यांच्या चित्रकथेतल्या उडत्या टॅक्सीवरून नायकाला टॅक्सीचालक करण्याचे सुचले, हेही लक्षात ठेवा. इथे पटकथा आणि रेखाटन हातात हात घालून वाढले आहेत. म्हणून अभ्यास हातात पेन्सिल घेऊन करा. शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर, एका बैठकीत एकच प्रसंग, आणि त्यातली एकच गोष्ट : आज फक्त नारिंगी रंग. तो नायिकेच्या केसांत आहे, नायकाच्या रबरी बनियनमध्ये आहे आणि करड्या, निळसर शहरात ही दोन माणसे एकमेकांची असल्याचे तो पहिल्या भेटीतच सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी खलनायकाच्या डोक्यावरचे पारदर्शक प्लास्टिक काढा. ते इतके विचित्र आहे की, एकदा काढल्याशिवाय त्याचा आकार ध्यानात बसत नाही.

कोल्हापूरच्या चित्रकाराला तर हा वारसा परका नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत रंगवत चित्रपटाकडे वळले, कॅमेरा याच गावात घडवला आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ब्रश हाती असलेल्या माणसाने चित्रपटाचे जग उभे करायचे, ही रीत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. तुमच्या सरांनी हा चित्रपट सुचवला, त्यामागे हा विचार असेल, तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : माझ्याकडे साधा ब्लू-रे प्लेअर आहे. त्यावर फोर-के डिस्क चालेल का? जुन्या बाजारातली ब्लू-रे घेतली तर काय पाहावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : चालणार नाही. फोर-के डिस्कला तिचाच प्लेअर लागतो, किंवा डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ अथवा एक्सबॉक्स सिरीज एक्स. फोर-के डिस्कला प्रदेशाचे (म्हणजे ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालण्याचे) बंधन नसते, ब्लू-रेला असू शकते. आपला देश ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे विकत घेण्याआधी मागच्या बाजूचे चिन्ह पाहावे. या चित्रपटाची २००६ची पहिली ब्लू-रे आवृत्ती ब्लू-रेच्या अगदी पहिल्या तुकडीत आली होती आणि तिच्या चित्राविषयी इतक्या तक्रारी झाल्या की २००७मध्ये सुधारित आवृत्ती काढावी लागली. घ्यायचीच तर ती दुसरी घ्यावी. पैसे थोडे साठवता येत असतील, तर मात्र थांबा आणि २०१७ची फोर-के आवृत्ती घ्या.