साठीनंतर गळ धरणाऱ्यास: मोठा मासा हाताने ओढताना

गळाला मोठा कुपा (ट्यूना मासा) लागला की त्याला ताबडतोब होडीशी आणण्याची घाई तुम्ही करू नये, कारण साठीनंतर दंडांतील जोर पहिल्या ओढीतच सरतो आणि माशाचा जोर तर तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. तो पळू लागला की जाड हातमोज्यातून दोरी ताण राखून सुटू द्यावी. तो वळला की पाय फळीला रोवून, पाठ सरळ ठेवून, ती हातहातभर परत घ्यावी. दोरी मनगटाला गुंडाळणे मात्र क्षणभरही करू नये: मासा एकाएकी खोल गेला तर हाताचे बोट तुटते, प्रसंगी माणूसच पाण्यात ओढला जातो. परत घेतलेली दोरी पायांत न साठवता टोपलीत सोडावी.

सुरमईसाठी गळाजवळ तारेचा तुकडा हवाच, कारण तिचे दात दोरी कापतात.

मासा कुशीवर कलून वर आला, तरी होडी पाहून तो बहुधा पुन्हा उसळतो. म्हणून आकडी, म्हणजे मासा होडीत ओढून घेण्याची आकड्याची काठी, सोबत्याकडे असावी. एकट्याने जाण्याच्या हट्टाला मी तरी शौर्य म्हणत नाही. झुंज लांबली की कुप्याचे अंग तापून मांसाचा दर्जा उतरतो, आणि पुढे तो उन्हात पडून राहिला तर मांसात हिस्टामिन हे विषबाधा करणारे द्रव्य तयार होते, जे शिजवूनही नाहीसे होत नाही; तेव्हा मासा होडीत येताच त्याचे रक्त वाहू देऊन त्याला बर्फात दडपावे, आणि त्यासाठी पुरेसा बर्फ आमिषाच्याही आधी होडीत चढवावा.