आधी बसा, मग बघू

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच तक्रार आहे: करायचं सगळं कळतं, पण करावंसं वाटत नाही. त्यातली काही इथे घेतली आहेत. ज्यांची राहिली त्यांनी पहिलं उत्तर आपलंच समजावं.

प्रश्न : ताई, मी चोवीस वर्षांचा आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, हा माझा दुसरा प्रयत्न. रोज रात्री झोपण्याआधी प्रेरणादायी व्हिडिओ बघतो. बघताना अंगावर काटा येतो. उद्यापासून दहा तास अभ्यास, असं ठरवून नवं वेळापत्रक लिहितो. (सगळी वेळापत्रकं एकाच वहीत आहेत, ती वही भरत आली.) सकाळी उठल्यावर मात्र त्यातलं काहीच शिल्लक नसतं. ही प्रेरणा टिकवायची कशी?

उत्तर : वही भरत आली हे वाचून हसू आलं, रागावू नकोस. तुझ्यात चिकाटी नाही असं मात्र कुणी म्हणू नये. इतकी वेळापत्रकं आखायला चिकाटी लागतेच, फक्त ती भलत्या जागी खर्च होते आहे.

रात्री तुला जे वाटतं ते खोटं नसतं. अडचण अशी की व्हिडिओ बघताना तू परीक्षा पास झालेला असतोस. सत्कार झालेला असतो, घरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं असतं. मनाला त्याचा आनंद आयताच मिळतो. गाब्रिएले ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. 1991 साली त्यांनी आणि थॉमस वॅडन यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या स्त्रिया स्वतःच्या सडपातळ रूपाची गुलाबी चित्रं रंगवत होत्या, त्यांचं वजन वर्षभरात इतरांपेक्षा कमी घटलं होतं. गंमत म्हणजे ‘मला हे जमेल’ असा विश्वास असणाऱ्यांचं वजन मात्र जास्त घटलं. विश्वास आणि स्वप्नरंजन हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि तुझा व्हिडिओवाला दुसऱ्यालाच खाऊ घालतो.

आता दुसरा प्रयोग ऐक, हा तर तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे. सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी 2002 साली विद्यार्थ्यांच्या व्यायामाबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटं दमदार व्यायाम करायचा, एवढीच अपेक्षा. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायाम न केल्याने हृदयाचं काय होतं, केल्याने काय फायदा होतो, असा चांगला पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्या गटाने तो मजकूर तर वाचलाच, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे स्वतःच्या हाताने लिहून दिलं. पहिल्या गटातल्या 38 टक्के मुलांनी व्यायाम केला, मजकूर वाचलेल्यांपैकी 35 टक्क्यांनी, आणि जागा-वेळ लिहिणाऱ्यांपैकी 91 टक्क्यांनी. दुसऱ्या गटाला व्यायामाची तळमळ नव्हती असं नाही. मजकूर वाचून त्यांचा इरादा चांगला पक्का झाला होता. तो अंमलात आला नाही, एवढंच.

तू म्हणशील, मीही वेळापत्रकात वेळ लिहितोच. लिहितोस, पण दहा तासांची. दहा तासांना सुरुवात नसते रे. मी बरीच वर्षं लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवलं, समुपदेशनाकडे नंतर वळले. पहाटेच्या सरावाला हसत येणारी मुलं मी फारशी पाहिली नाहीत. उत्तम धावणारीही पहिल्या फेरीला कुरकुरतच पळतात. त्यालाही कारण आहे. पळायला लागल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं स्नायूंना लागणारा प्राणवायू आणि त्यांना पोचणारा प्राणवायू यांचा मेळ बसलेला नसतो, म्हणून ती मिनिटं नकोशी वाटतात. मग श्वास लयीत येतो. नवखा मुलगा त्या दोन मिनिटांवरून ठरवतो की आज आपला दिवस नाही, आणि घरी जातो. जुना ठरवतो की दोन फेऱ्या झाल्याशिवाय मत द्यायचं नाही. दोघांच्या पायांत कितीदा तरी काही फरक नसतो.

अभ्यासाचंही असंच आहे. करावंसं वाटणं बहुतेक वेळा बसल्यानंतर येतं, आणि तू ते उशाशी घेऊन झोपायला बघतोस.

तर आज रात्री वेळापत्रक लिहायचं नाही. एकच वाक्य लिहायचं: ‘दात घासून झाले की फोन दुसऱ्या खोलीत ठेवीन, टेबलाशी बसेन आणि काल अर्धं सोडलेलं गणित उघडीन.’ अर्धं सोडलेलं हे मुद्दाम लिहिलंय. मारिया ओव्सियांकिना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1928 साली दाखवलं होतं की मधेच थांबवलेलं काम, कुणी सांगितलं नाही तरी, माणसं आपणहून पुन्हा हातात घेतात. म्हणून रात्री प्रकरण संपवून वही मिटू नकोस. पुढची पायरी दिसते आहे अशा जागी थांब. सकाळी कोऱ्या पानासमोर बसण्याचा धसका राहणार नाही. वीस मिनिटांनंतरही मन लागलं नाही तर ऊठ, माझी हरकत नाही. व्हिडिओ बघायचेच असतील तर अभ्यास झाल्यावर बघ, करमणूक म्हणून.

प्रश्न : सगळे यशस्वी लोक पहाटे पाचला उठतात म्हणे! मी आठला उठते. पाचचा गजर लावून बघितला, दिवसभर पेंगत होते. माझं काही खरं नाही का?

उत्तर : पाचला उठून अपयशी ठरलेल्यांची मुलाखत कुणी घेत नाही, म्हणून तुम्हाला ती वाचायला मिळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड हे संख्याशास्त्रज्ञ लढाऊ विमानांच्या नुकसानीचं गणित मांडत होते. हाताशी नोंदी होत्या त्या फक्त परतलेल्या विमानांच्या, आणि त्यांना अंदाज बांधायचा होता न परतलेल्यांचा. परतलेल्या विमानाला जिथे गोळ्या लागल्या, तिथे लागूनही ते परत आलं होतं, हे त्यांनी नजरेआड होऊ दिलं नाही. यशस्वी माणसांच्या सवयींच्या याद्या वाचताना तेवढंच करायचं. शिवाय लवकर की उशिरा झोप येणार हे बऱ्याच अंशी शरीराच्या घड्याळावर ठरतं, आणि त्यात आनुवंशिकतेचाही भाग असतो. तुमचं डोकं कधी तरतरीत असतं ते आठवडाभर बघा आणि अवघड काम त्या वेळेला द्या. झोप मोडून मिळवलेले तीन तास दिवसभर वसूल होत राहतात, ते तुम्ही अनुभवलंच आहे.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची. चित्रं सुरेख काढते. तिला प्रोत्साहन मिळावं म्हणून मी प्रत्येक चित्राला एक स्टार द्यायला लागले. दहा स्टार झाले की भेटवस्तू. आता ती विचारते, ‘आई, याला स्टार आहे का?’ नाही म्हटलं की कागद बाजूला. मी काय करू?

उत्तर : स्टार बंद करा, पण गाजावाजा न करता. ‘आजपासून स्टार बंद’ म्हणालात तर ती शिक्षा होईल. ठरलेली भेटवस्तू देऊन टाका आणि पुढचा तक्ता लावूच नका.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा 1973 चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्र काढायला मुळातच आवडणारी बालवाडीची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, अचानक दिलं. काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात मुलं काय करतात ते लपून पाहिलं, तर आधी कबूल केलेलं बक्षीस मिळवलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

म्हणजे बक्षीस वाईट असं नाही. जे काम मुलीला मुळातच आवडत नाही, उदाहरणार्थ खोली आवरणं, तिथे खुशाल वापरा. आवडीच्या गोष्टीला मजुरी लावली की ती आवड राहत नाही, नुसतं काम होऊन बसते.

स्टारच्या जागी काय, तर कुतूहल. ‘किती छान!’ हेही एका अर्थी स्टारच आहे, ते जरा कमी करा. ‘हे झाड वाकडं का आहे?’ असं विचारा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका. काही आठवडे ती कागदाला हात लावणार नाही असंही होईल. तेव्हा रंग समोर राहू द्या, तुम्ही गप्प राहा. हे गप्प राहणं आयांना सगळ्यात जड जातं.

प्रश्न : वय 53. कार्यालयात नवी संगणकप्रणाली आली. तरुण सहकारी भराभर शिकले, मी मागे पडलो आणि बढतीही हुकली. साहेब म्हणतात, ‘ॲटिट्यूड बदला.’ या वयात उमेद आणायची कुठून?

उत्तर : साहेबांचं वाक्य ऐकायला बरं आहे, पण हुकमावरून दृष्टिकोन बदललेला मी तरी कुणी पाहिला नाही.

‘बुद्धी वाढवता येते’ असा दृष्टिकोन रुजवण्यावर मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं काम गाजलं. त्याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. नववीच्या सुमारे 12,000 विद्यार्थ्यांवरचा हा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने, अभ्यासात मागे असलेल्या मुलांची श्रेणी चार गुणांच्या मापावर सरासरी 0.1 गुणाने वाढली. इतक्या स्वस्त उपायाला हे यश चांगलंच म्हणायचं, पण ‘दृष्टिकोन बदला, आयुष्य बदलेल’ असं त्यातून निघत नाही. दुसरी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते: जिथे सोबतच्या मुलांत अवघड काम अंगावर घेण्याची पद्धत होती, तिथे परिणाम चांगला दिसला. माणसाच्या दृष्टिकोनाला भोवतालही लागतो. हे कात्रण साहेबांच्या टेबलावर ठेवलंत तरी चालेल.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. आत्मविश्वासावर आयुष्यभर काम केलेल्या अल्बर्ट बांडुरा यांच्या मते त्याचा सगळ्यात भक्कम झरा म्हणजे स्वतः करून जमलेलं काम. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच माणसाला जमताना पाहणं. बोलून दिलेला धीर त्यानंतर येतो. तुम्ही पंचविशीतल्या मुलांकडे बघत बसलात, म्हणजे दुसरा झरा स्वतःच बुजवलात. तुमच्या वयाचं, हे शिकलेलं कुणीतरी शोधा, दुसऱ्या विभागात का असेना, आणि त्याच्या शेजारी बसा. आणि सबंध प्रणाली शिकायची नाही. तुम्हाला रोज लागणारा एकच अहवाल निवडा आणि तो कुणालाही न विचारता काढता येईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. सरावासाठी कार्यालयीन वेळेतला अर्धा तास साहेबांकडे लेखी मागा. बढतीचं दुःख आहे ते आहे, त्याला मी सकारात्मक विचारांचा मुलामा देणार नाही.

प्रश्न : (नाव, गाव देऊ नये.) दोन महिने झाले, कशातच मन नाही. आवडीचं गाणंही ऐकवत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मला प्रेरणा मिळेल असं काही सांगा.

उत्तर : तुला प्रेरणा नको आहे, डॉक्टर हवे आहेत. झोप मोडणं, आवडीच्या गोष्टींतला रस जाणं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. हा आळस नव्हे, स्वभावदोष तर नव्हेच. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे. एकटीने फोन करणं जड जात असेल तर घरातल्या एकाला हे पत्र दाखव आणि फोन त्याला करू दे. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर वेळ घेण्याची वाटही बघू नकोस, आजच जवळच्या माणसाला सांग आणि रुग्णालयात जा. नंतर मला लिही, मी वाट बघते.

प्रश्न : 21 दिवसांत सवय लागते असं वाचून सुरुवात केली. सोळाव्या दिवशी खंड पडला. पुन्हा एकपासून मोजायला लागलो, तर पुन्हा चुकलो. आता तिसऱ्यांदा एकपासून मोजतोय. माझ्यात शिस्तच नाही का?

उत्तर : पंधरा दिवस सलग करणाऱ्यात शिस्त नाही कशी? आकडा चुकीचा आहे. 1960 साली मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जननी आपली निरीक्षणं लिहिली. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. पुढे ‘किमान’ गळलं, चेहराही गळला, आणि 21 तेवढे उरले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी मोजल्या, तो अभ्यास 2010 मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं दिसलं. पण माणसामाणसांत अंतर केवढं, 18 पासून 254 दिवसांपर्यंत! आणि एखादा दिवस चुकल्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

तेव्हा एकपासून मोजणं बंद. चुकलेल्या दिवसाच्या चौकटीत रेघ मारा आणि पुढच्या चौकटीत पुढचा आकडा लिहा. लागोपाठ दोन रेघा आल्या तर मात्र वेळ किंवा जागा बदलून बघा. बाकी एवढं सविस्तर लिहिलंत, पण सवय कसली लावताय ते पत्रात कुठेच नाही. पुढच्या वेळी तेवढं कळवा.